सतरा नंबरच्या खाटेचा कागद

११ फेब्रुवारी

प्रिय बोबड्या,

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझा राग होता तिथेच आहे. काम वकिलाकडे आहे आणि ओळखीतला वकील तू एकटाच, म्हणून लिहितेय. शाळेत जाईपर्यंत तुला धड ‘र’ म्हणता येत नव्हता, आणि आज लोक तुझ्या बोलण्याला घाबरतात. काय दिवस आले.

फोन का केला नाही विचारशील. आमच्या व्यवस्थापनाच्या वकिलांनी सगळ्यांना बजावलंय, या प्रकरणाबद्दल मोबाईलवर बोलू नका, एक अक्षर लिहू नका, उद्या कोर्टात जाईल. टपालाबद्दल काही म्हणाले नाहीत. त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

प्रकरण असं आहे. माझ्याकडे पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, बत्तीस खाटा, मी इन्चार्ज. १९ जानेवारीला दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सतरा नंबरचे आजोबा खाटेवरून उतरताना पडले. डोकं लॉकरच्या कोपऱ्यावर आपटलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे आत रक्तस्राव झाला. नवव्या दिवशी गेले. अठ्ठ्याहत्तर वय, जन्मभर शिंपीकाम केलेलं. पायांना सूज आणि दम म्हणून आले होते, दोन दिवसांत घरी जाणार होते. माझ्या कॉलरची शिवण उसवलेली बघून म्हणाले होते, ‘सिस्टर, सुईदोरा आणून द्या, बसल्या बसल्या करून देतो.’ डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण शिवण दिसली.

त्यांच्या मुलीने तक्रार केली आहे. एक रुग्णालयावर आणि एक त्या दुपारी सतरा नंबरची खाट जिच्या वाट्याला होती तिच्यावर. ती म्हणजे आमची छोटी सिस्टर. हे नाव पेशंटनीच पाडलं, कारण मी मोठी सिस्टर. चोवीस वर्षांची, कंत्राटावर, येऊन दीड वर्ष झालं. कामाला वाघ आहे पोरगी. आता रुग्णालयाची चौकशी समिती बसली आहे. तिचा अहवाल नर्सिंग कौन्सिलकडे जाईल, आणि कौन्सिलने नोंदणी रद्द केली तर छोटीला कुठल्याही दवाखान्याची पायरी चढता येणार नाही.

माझं यात काही अडकलेलं नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, ते नीट पार पडले म्हणजे झालं. फक्त इन्चार्ज म्हणून मला साक्षीला बोलावतील. तर एवढंच कर, समोरचा वकील इन्चार्जला काय काय विचारतो ते लिहून पाठव. तू तर त्यातला दर्दी. माझ्या मैत्रिणीला पिंजऱ्यात उभं करून तू चार वेळा विचारलं होतंस, ‘सिस्टर, त्या वेळी तुम्ही नक्की कुठे होतात?’ तिने पुढच्याच महिन्यात नोकरी सोडली. आता एका दुकानात काउंटरवर बसते. तुझं तोंड बघणार नाही असं मी तेव्हा म्हटलं होतं, आणि बघत नाहीच आहे. पत्र लिहितेय.

भाचीला आत्याने विचारलंय म्हणून सांग. ओळखत असेल तर.

ताई

२० फेब्रुवारी

बोबड्या,

पत्र मिळालं. ना ‘ताई’, ना ‘कशी आहेस’. एक ते सात प्रश्न आणि खाली सही. बहिणीला पत्र लिहिलंस की नोटीस काढलीस? असो, मागितलं तेच दिलंस.

रंगीत तालीम म्हणून उत्तरं लिहून काढते. कुठे फसते ते सांग.

त्या पाळीला किती नर्सेस होत्या? दोन. छोटी आणि मी. नियमाने किती हव्यात? सहा पेशंटमागे एक. तूच भागाकार कर. नर्सेस कमी पडतात असं तुम्ही लेखी कळवलं होतं का? हो, तीनदा. मेट्रनबाईंच्या आवक वहीत नोंद आहे. शेवटचं कधी? दोन वर्षांपूर्वी. आणि त्याच्यापुढे तू बारीक अक्षरात लिहिलंस, ‘मग का थांबलात?’ इथे मी तीन दिवस अडकले.

त्यासाठी तुला राउंडचा कागद कळायला हवा. आमच्याकडे प्रत्येक खाटेच्या पायाशी पाटी लटकते, तिला हा कागद लावलेला. एका बाजूला तास, दुसऱ्या बाजूला चार गोष्टी. दुखतंय का, लघवीला नेलं का, कूस बदलली का, घंटा आणि पाणी हाताशी आहे का. दर तासाला नर्सने पेशंटजवळ जायचं, विचारायचं, चार खुणा करून सही करायची. पेशंट पडू नयेत म्हणूनच हा कागद निघाला. आता हिशेब बघ. खाटेमागे दोन मिनिटं धरली आणि बत्तीस खाटा दोघींत वाटल्या, तरी प्रत्येकीची तासातली बत्तीस मिनिटं त्यातच जातात. उरलेल्या अठ्ठावीस मिनिटांत इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग, डॉक्टरांचा राउंड, नवीन दाखल झालेला पेशंट, नातेवाईक आणि फोन. वरकामाची मावशी एकच, आणि ती अर्धा वेळ लॅबच्या बाटल्या घेऊन पळत असते.

म्हणून आमच्या वॉर्डात रीत पडली आहे. पाळी सुरू झाली की पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्या कागदांवर पाळी संपेपर्यंतच्या खुणा आणि सह्या करून टाकायच्या, मग कामाला लागायचं. ‘आधी कागदाचं पोट भरा, मग पेशंटचं बघा.’ नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला हे ऐकवलं जातं आणि सगळ्या हसतात.

वाक्य कोणाचं म्हणून विचारशील. माझं आहे. रीतही माझीच.

आता ‘का थांबलात’चं उत्तर. तिसऱ्या अर्जावर मेट्रनबाईंनी शेरा मारला होता, ‘आपल्या वॉर्डाचे राउंड शंभर टक्के पूर्ण दिसतात. जादा नर्सची आवश्यकता दिसत नाही.’ मी काय बोलणार? कागद माझेच होते. दोन नर्सेसमध्ये बत्तीस पेशंट होतात हे मीच दर तासाला सही करून सांगत होते. अर्ज लिहिणं मी सोडून दिलं. पेन ठेवलं असं मात्र नाही, खुणा चालूच राहिल्या.

सातवा प्रश्न, पडण्याआधी पेशंटला शेवटचं कोणी पाहिलं? छोटीने. अडीच वाजता तिने सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, तेव्हा. त्यानंतर ती बत्तीस नंबरचं ड्रेसिंग करत होती, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला.

एवढंच. उत्तरं बरी आहेत ना?

ताई

३ मार्च

बोबड्या,

घोडं कुठे पेंड खातंय ते मी तुला सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण आज ते समितीसमोर आलं.

त्या दिवशी भेटीची वेळ चारची. आजोबांची मुलगी पावणेचारलाच आली. खाट रिकामी. मावशीने सांगितलं, स्कॅनला नेलंय, बाहेर थांबा. ती बिचारी खाटेपाशीच उभी राहिली. हातात डबा, काय करावं सुचेना. समोर पाटीवर कागद दिसला. सगळ्या रकान्यांत खुणा, सह्या, एकदम टापटीप. तिने मोबाईलवर फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘काळजी करू नका, इथे दर तासाला बघतात.’

फोटोवर वेळ आहे, तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं. आणि कागदावर चारच्या, पाचच्या, सहाच्या, सातच्या खुणा आहेत. सातपर्यंत दर तासाला लघवीला नेलं, घंटा हाताशी, सही. ते तिच्या ध्यानात आलं वडील गेल्यानंतर, फोटो चाळताना.

इथवर गोष्ट आगाऊ खुणांची झाली असती. पण रुग्णालयाने समितीला सतरा नंबरचा म्हणून जो कागद दिला, त्यावर तीनपर्यंतच खुणा आहेत आणि पुढे ‘पडल्यामुळे स्कॅनला नेले’ अशी नोंद. एका खाटेचे दोन कागद. समितीच्या अध्यक्षांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि चष्मा काढून पुसला.

छोटीला विचारलं, दुसरा कागद कोणी केला? अक्षर तिचंच होतं. ती म्हणाली, ‘मी.’ कोणाच्या सांगण्यावरून? तिने माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग म्हणाली, ‘कोणाच्याच नाही. घाबरले होते.’

आणि तुझी ही बहीण खाली टेबलाकडे बघत बसली.

मी सांगितलं होतं, बोबड्या. त्या संध्याकाळी साडेसहाला चादरींच्या खोलीत कोरा कागद तिच्या हातात दिला आणि एकेक ओळ सांगितली. ती मध्येच लिहायची थांबली तर म्हटलं, ‘अगं, मी आहे ना.’ जुना कागद मीच फाडला आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला, तिथे कोणी हात घालत नाही. मेट्रनबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, ‘कागद नीट आहेत ना, बघून घ्या.’ आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो. समितीसमोर तो अर्थ निघत नाही.

बाहेर आल्यावर व्यवस्थापनाचे वकील खुशीत होते. म्हणाले, हे आता एका कर्मचाऱ्याचं वैयक्तिक गैरवर्तन झालं, नोंदीत फेरफार, संस्थेचा संबंध नाही. नर्सेस किती होत्या हा विषयच आता निघणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. मला म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही फक्त शांत राहा. तुम्हाला पेन्शन घ्यायची आहे.’

मी शांत राहिले. मला ते चांगलं जमतं असं आज कळलं.

ताई

१२ मार्च

बोबड्या,

तू दोन ओळी लिहिल्यास. ‘तुला माझ्याकडून नक्की काय हवंय?’ आणि ‘सातव्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा लिही.’

लहानपणी मी खोटं बोलले की तू आईला जाऊन सांगायचास, ताईचं नाक हललं. कागदावर नाक कसं दिसलं तुला?

आधी दुसरं सांगते. छोटीला निलंबित केलं. कौन्सिलची सुनावणी २ एप्रिलला आहे. परवा मी तिच्या खोलीवर गेले. तिघी मुली एका खोलीत राहतात, तिची खाट खिडकीशी. ट्रंक उघडी होती आणि ती पांढरे गणवेश घडी करून ठेवत होती, इस्त्री केलेले. मला बघून सवयीने उभी राहिली. स्टुलावरचे कपडे काढून मला बसायला दिलं. आणलेली फळं मी कुठे ठेवावी कळेना, म्हणून मांडीवरच घेऊन बसले.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल आणि मी समजूत घालीन, ते तर मला येतं. ती म्हणाली, ‘सिस्टर, बाबा विचारतात, तू सांगत का नाहीस? मी म्हटलं, मोठ्या सिस्टर सांगतील.’ हातातला गणवेश ट्रंकेत ठेवून म्हणाली, ‘सांगणार ना?’

मी म्हटलं, ‘बघते.’

फळं ठेवून बाहेर आले. जिना उतरताना स्वतःचीच इतकी किळस आली की मधल्या पायरीवर बसले. वर जाणारी एक मुलगी विचारत होती, काकू, चक्कर येतेय का? तिला म्हटलं, नाही, दमले.

आता सातवा प्रश्न. पडण्याआधी त्यांना शेवटचं मी पाहिलं.

तीन वाजता मी खाटांच्या मधून माझ्या खोलीकडे निघाले होते. सतरा नंबरवरून त्यांनी हाक मारली. घंटा नव्हती दाबली, हात वर केला होता, शाळेतल्या मुलासारखा. म्हणाले, ‘सिस्टर, लघवीला जायचंय.’ सूज उतरायचं इंजेक्शन म्हणजे अंगातलं पाणी काढायचं इंजेक्शन. ते दिल्यावर माणसाला कशी घाई होते हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे. भांडं खाटेखाली होतं. वाकून उचलून द्यायचं आणि पडदा ओढायचा, एका मिनिटाचं काम.

मी म्हटलं, ‘दोन मिनिटं हं आजोबा,’ आणि खोलीत गेले.

तुझ्या त्या प्रश्नाचंही उत्तर घे. मी नक्की कुठे होते? दुसऱ्या दिवशी तपासणीचं पथक येणार होतं. गेल्या आठवड्याच्या कागदांत सुट्टीवरच्या मुलींच्या काही खुणा राहून गेल्या होत्या. मी खोलीत बसून त्या भरत होते. ‘लघवीला नेलं’ या रकान्यात खुणा करत होते. वीस मिनिटं. धाडकन आवाज आला तेव्हा हातात पेन होतं.

ते वीस मिनिटं थांबले. मग गादी ओली व्हायची लाज वाटली असणार, स्वतःच उतरायला गेले. जमिनीवर सापडले तेव्हा पायजमा ओला होता आणि ते त्याच्यावर चादर ओढायचा प्रयत्न करत होते. डोक्यातून रक्त येत होतं, आणि हात चादरीकडे.

हे कोणालाच माहीत नाही. छोटीलाही नाही. तिला वाटतं आपलंच चुकलं, आपण ड्रेसिंग सोडून जायला हवं होतं.

काय हवंय विचारतोस ना? वकीलपत्र घे. माझं नको, तिचं घे. काल पुन्हा जाऊन तिला विचारलं, ती हो म्हणाली आहे, तिचा पत्ता मागच्या पानावर आहे. आणि मला तुझी साक्षीदार म्हणून बोलाव.

ताई

२५ मार्च

बोबड्या,

फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू ‘ताई’ म्हणशील आणि मी डळमळेन.

तुझे मुद्दे वाचले. नोंदीत फेरफार हा गुन्हा आहे, मी कबूल केलं की तो माझ्यावर येईल, माहीत आहे. पेन्शन अडकेल, तेही माहीत आहे. आजोबांची मुलगी माझ्या साक्षीचा कागद घेऊन कोर्टात जाईल, जाऊ दे. सख्खी बहीण साक्षीदार आहे हे तू आधीच कौन्सिलला कळवणार आहेस, ते बरं केलंस. ‘थोडं सांभाळून सांगता येईल, तीन वाजताचं कोणी विचारलंच नाही तर आपण होऊन काढू नकोस’ असं लिहिलंस, ते मात्र मी दोनदा वाचलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, होय ना? माझ्या मैत्रिणीच्या वेळी कुठे गेलं होतं हे सांभाळणं?

तीन वाजताचं तूच विचारायचं. विचारलं नाहीस तर मी कदाचित गप्प बसेन. मला माझा भरवसा नाही, समितीसमोर बघितलंय मी मला. तेव्हा दयामाया दाखवू नकोस. पाणी प्यायलाही थांबू नकोस. एकदा विचारून भागलं नाही तर चार वेळा विचार.

परवा मेट्रनबाईंना दोन ओळींचं पत्र दिलं, की मी कौन्सिलपुढे साक्ष देणार आहे. वाचून म्हणाल्या, ‘या वयात काय हे?’ वॉर्डात कोणी बोलत नाही माझ्याशी. चहाला बोलावत नाहीत. एक मुलगी मात्र औषधांच्या खोलीत हळूच म्हणाली, ‘सिस्टर, मग आम्ही आता खुणा कशा करायच्या?’ मी म्हटलं, ‘केलं तेवढंच लिही.’ ती म्हणाली, ‘मग कागद रिकामाच राहील.’ म्हटलं, राहू दे.

त्या दिवशी संध्याकाळी बत्तीसपैकी एकोणीस कागद अर्धे रिकामे होते. मेट्रनबाईंनी सगळे मागवून नेले.

ताई

१८ एप्रिल

बोबड्या,

निकालाची प्रत मिळाली. छोटीला तीन महिने निलंबन आणि ताकीद, नोंदणी कायम. तीन महिने गेलेलेच समज. माझी नोंदणी रद्द. रुग्णालयाने मला कामावरून कमी केलं आणि फेरफाराची तक्रार पोलिसांत दिली. मेट्रनबाईंच्या त्या शेऱ्याची नोंद निकालात आहे, एका वाक्याची. पुढे त्याचं काही होईल असं मला वाटत नाही.

छोटीने मला फोन केलेला नाही. तिच्या वडिलांनी केला. म्हणाले, ‘तुम्ही सांगितलंत म्हणून उपकार मानू की इतके दिवस सांगितलं नाहीत म्हणून शिव्या देऊ, मला कळत नाही.’ मी म्हटलं, शिव्या द्या. त्यांनी फोन ठेवला. पोरगी आता ट्रंक घेऊन घरी गेली आहे, पुन्हा वॉर्डात पाय ठेवायचा नाही म्हणते. नोंदणी वाचली, नर्स वाचली की नाही कोणास ठाऊक. तू तिच्याशी बोलत राहा. माझं नाव काढू नकोस.

सुनावणीत तू चांगलं विचारलंस. आवाज एकदाच हलला तुझा, तीन वाजताच्या प्रश्नाला. बाकी कोणाला कळलं नाही. बाहेर तू जवळ आलास आणि मी वळून दुसऱ्या जिन्याने गेले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या क्षणी कोणी पाठीवरून हात फिरवला असता तर मी सगळ्यांसमोर बसकण मारली असती.

पण तुला एक सांगायचं राहिलं आहे, म्हणून आज लिहितेय. दुसऱ्या जिन्याने खाली गेले तर बाकावर आजोबांची मुलगी बसली होती. पन्नाशीची आहे, एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. मी पुढे जायला लागले तर म्हणाली, ‘बसा.’ मी बसले. आमच्या मध्ये तिची पिशवी होती.

ती म्हणाली, ‘तुम्ही त्यांना म्हणालात, दोन मिनिटं. त्यावर ते काय म्हणाले?’

आत हे कोणी विचारलं नव्हतं. तूही नाही. मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं, म्हणजे एवढं सगळं ओकून झाल्यावरसुद्धा एक गोष्ट मी गालात धरून ठेवलीच होती. तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मी सांगितलं. ते म्हणाले होते, ‘या सावकाश. तुम्हाला किती कामं.’

तिने मधली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, ‘तसेच होते. घरीसुद्धा मला हाक मारायचे नाहीत, भिंत धरून जायचे.’ नाक पुसलं आणि उठली. ‘मी दावा लावणार आहे. रुग्णालयावर आणि तुमच्यावरही. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून सोडणार नाही.’

‘लावा,’ मी म्हटलं.

तेव्हा तिचं समन्स येईल आणि तू माझं वकीलपत्र मागशील. मागू नकोस. मी वकील करणार नाही. तिथे जाऊन जे सांगायचं ते मला सांगता येतं, आणि आता ते सगळं पाठ आहे. हवं तर येऊन मागच्या बाकावर बस. भाचीला आणू नकोस.

तिला जे सांगता आलं नाही ते तुला सांगते. त्यांना घाई होती. इंजेक्शन देऊन अर्धा तास झाला होता आणि मला ते माहीत होतं. ते ‘या सावकाश’ म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं, आणि मी गेले.

ताई